झाकणासकट

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात, भीमाशंकर साखर कारखान्याच्या गावात, आमच्या आत्याचं घर आहे. या घरात तिने आजवर एकही डबा विकत आणलेला नाही आणि एकही कायमचा बाहेर गेलेला नाही. तुम्ही तिच्याकडून बेसनाचे लाडू नेलेत तर लाडू तुमचे, डबा आत्याचा. पुढे कुणाच्या तेराव्याला भेटली, तरी डोळ्याला पदर लावून झाला की हळूच विचारते, "आन् त्यो निळ्या झाकणाचा कुठंय रं?"

फळीवर थोरपणाचा मान डालड्याच्या पिवळ्या डब्याचा. डालडा बाजारात आला १९३७ साली, आत्याच्या जन्माआधी. हा डबा तिच्या सासूने ठेवलेला. त्यावरच्या ताडाच्या झाडाचं आता नुसतं खोड उरलंय. आत हळकुंडं. झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटायचं, तेही फिरवत फिरवत, चहूबाजूंनी थोडं थोडं. एकाच जागी जोर लावलात तर काठ वाकतो आणि आत्या जन्मभर बोलून दाखवते. डालड्याच्या डब्यांमध्ये पूर्वी कडक सोवळंओवळं होतं. एक फळीवरचा, दुसरा परसदारी पायरीखालचा, पहाटे गावाबाहेर जाऊन येणारा. घरात संडास झाला तसा दुसरा रिकामा पडला. आत्याने त्याला बुडाशी भोकं पाडून कोरफड लावली. स्वयंपाकघराचा उंबरा मात्र त्याने अजून ओलांडलेला नाही.

कारखान्याची साखर घरी आली की पोतं उघडायचा हक्क तिचाच. शिवणीचं नेमकं टोक ती नखाने हुडकते, एक गाठ सोडते आणि ओढते. सरसर सगळी शिवण एका दमात सुटते. आपण चुकीच्या टोकाला भिडलो तर कात्रीच लागते, आणि दोरा वाया. तिचा दोरा गुंडीवर जातो नि लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्याला बांधायला येतो. साखर काय, संपतेच.

औषधाचा डबा मात्र ती ठेवत नाही. टोमॅटोवर, कांद्यावर फवारायचं औषध ज्यात येतं ते डबे देखणे असतात. जाड, आट्यांच्या घट्ट झाकणाचे, मोह पडावा असे. रिकामा झाला की आत्या स्वतः खिळा-हातोडा घेऊन बसते आणि त्याची चाळण करते, म्हणजे कुणी त्यात पाणीसुद्धा भरणार नाही. तिच्या हातून डबा मोडताना बघायचा तर एवढीच वेळ.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. दुकानदार पिशवी मागू लागले, तेव्हा आत्याने दिवाणाखालून जुन्या नऊवारीच्या पिशव्यांचा गठ्ठा ओढला आणि "सरकारला आत्ता उमगलं व्हय?" एवढंच म्हणाली.

सून मंचरची. तिने एकसारख्या पारदर्शक बरण्यांचा संच मागवला. आत्याला तो फार आवडला. इतका, की वापरून खराब नको म्हणून पुसून माळ्यावर ठेवला. ज्या खोक्यातून संच आला ते खोकं त्याच दिवशी लसणाच्या कामी लागलं.

शेवटी पाडव्याच्या आधी, आत्या रानात गेलेली बघून, सुनेने धीर केला आणि भंगारवाल्याला हाक मारली. पोतं भरलं, काटा टांगला, आणि आत्या दारात. ओरडली नाही. ओट्यावर बसून तिने पोतं उपडं केलं आणि एकेक बरणी हातात घेऊन भंगारवाल्याला तिची कुळकथा सांगितली. ही बोर्नव्हिटाची, थोरल्याच्या दहावीची. ही मुरंब्याची, धाकटीच्या डोहाळ्यांची. मधे चहा झाला. बिचाऱ्याने काटा मुकाट्याने उतरवला.

निघताना त्याच्या गाडीवर आत्याला जाड बुडाची एक काचेची बरणी दिसली.

"झाकण हाय का हिला?"

"नाही ओ, आजी."

आत्या आत गेली. तिच्याकडे एका डब्यात नुसती झाकणंच असतात. त्यातलं एक आणून फिरवलं. पहिल्याच फेऱ्यात बसलं. तो वीस रुपये म्हणाला. आत्याने दारातली जुनी चप्पल त्याच्या गाडीवर टाकली आणि बरणी उचलली.

चप्पल सुनेची होती. आणि सून म्हणते, काही एवढी जुनी नव्हती.