मुलासाठी आलोय

दुबईत गेमएक्स्पो हे व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरलं की वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या झाबील हॉलबाहेरच्या रांगेत एक मराठी गृहस्थ हमखास सापडतो. वय पंचेचाळीसच्या आसपास. पोटावर ताणून बसलेला मारिओचा टी-शर्ट, पाठीला भलीमोठी सॅक, आणि सॅक पूर्ण रिकामी. ती रिकामी का आणली, हे संध्याकाळी कळतं. ओळख निघाली, ‘अरे, तुम्ही पण?’ झालं, की पुढचं वाक्य तो न विचारता सांगतो : “मुलासाठी आलोय.”

मुलगा असतो ना. चौदा वर्षांचा, कानात हेडफोन, आणि या माणसाशी आपला काही संबंध नाही असं लोकांना वाटेल इतकं अंतर राखून उभा. त्याला आज मित्राकडे जायचं होतं.

एरवी हा गृहस्थ अत्यंत शहाणा. बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर किंवा लॉजिस्टिक्समध्ये साहेबाखालचा साहेब. राहायला करामा, नाहीतर शारजातलं अल नाहदा, कारण तिथे भाडं कमी. दुकानात कोथिंबिरीची जुडी उचलली तरी मनातल्या मनात दिरहमला तेविसाने गुणतो आणि जुडी परत ठेवतो. आखातातल्या प्रत्येक मराठी माणसाला हा एक पाढा तोंडपाठ असतो. २०१२ च्या सुमारास तो चौदाचा होता, पुढे तेविसाचा झाला. रुपया घसरत गेला तसतसं यांचं गणित सुधारत गेलं. बायकोने काजूच्या पाकिटाला हात लावला की “आई येताना आणेल” हे ठरलेलं. मित्राचा वाढदिवस असला की केकचा सर्वांत लहान आकार कुठला, याची चौकशी हाच करतो.

पण प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली की तेविसाचा पाढा याच्या डोक्यातून साफ पुसला जातो. दोन तिकिटं, तीही तिन्ही दिवसांची. “एका दिवसाचं घेतलं असतं तर?” असं बायकोने विचारलं, तर “एका दिवसात काय बघून होणार पोराचं?” हे उत्तर. पोर त्या वेळी आतल्या खोलीत झोपलेलं असतं.

हे आजचं नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये दुबईच्या मरीन क्लबवर मिडल ईस्ट फिल्म अँड कॉमिक कॉन पहिल्यांदा भरलं, तेव्हा हा तिथे होता. मुलगा जेमतेम वर्षाचा, बाबागाडीत. तेव्हाही “मुलासाठी”च. पुढे ते संमेलन वर्ल्ड ट्रेड सेंटरला गेलं, हा गेला. २०२२ मध्ये ते अबुधाबीच्या ॲडनेक प्रदर्शन केंद्रात हललं, तर हा चार जणांना गाडीत कोंबून सव्वाशे-दीडशे किलोमीटर गेला आणि टोल मात्र चौघांत वाटून घेतला. त्याच वर्षी दुबईने स्वतःचा ईस्पोर्ट्स महोत्सव सुरू केला; आता वर्षाला दोन मोहिमा झाल्या. सगळ्या प्रवेशिका, त्यांच्या रंगीत फितींसकट, याने जपून ठेवल्यात. भाड्याच्या फ्लॅटला खिळा ठोकला की डिपॉझिटमधून कापतात, म्हणून चिकटवायचे हुक. ते हुक दर उन्हाळ्यात एसी बंद ठेवून गावी गेलं की सुटून पडतात, आणि परत आल्यावर सामान उघडायच्या आधी हा फिती गोळा करत बसतो.

मूळ शोधायला नव्वदच्या दशकात जावं लागेल. सांगली घ्या, जळगाव घ्या, डोंबिवली घ्या. एसटी स्टँडच्या नाहीतर स्टेशनच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं एक दुकान असायचं. दाराला मळका पडदा. आत चार यंत्रं, त्यातलं एक कायम बंद. गल्ल्यावर एक मालक, ज्याला कधी कुणी हसताना बघितलं नाही. रुपयाचं नाणं टाकायचं आणि मुस्तफा खेळायचं. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या त्या खेळाचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे या गृहस्थाला पुढे इंजिनिअरिंगला असताना इंटरनेटवरून कळलं आणि त्याला जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं. गल्लीत खेळाचं नाव मुस्तफा. चौघा नायकांतला पिवळ्या टोपीचा मुस्तफा पळत येऊन अशी लाथ घालायचा की समोरची माणसं आडवी. बाकी तिघांनाही नावं होती म्हणतात.

त्या दुकानात खेळण्यापेक्षा मोठी विद्या म्हणजे रुपया टिकवणं. मागे पाच पोरं उभी, ‘आता मर ना’ असा श्वास मानेवर सोडणारी. पुढच्या रुपयाची सोय नाही. तेव्हा एका रुपयात तिसऱ्या टप्प्यापर्यंत जाणारा तो बरा खेळाडू, आणि शेवटच्या राक्षसापर्यंत जाणाऱ्याला मालक स्वतः उठून बघायला यायचा. (नाण्याला भोक पाडून दोऱ्याने परत ओढून घेणारेही होते. त्यांतले एक-दोन पुढे राजकारणात गेले.) आमचा गृहस्थ शेवटच्या राक्षसापर्यंत जाणारा. एकदा तिथवर पोचला असतानाच पडदा बाजूला झाला आणि वडील आत आले. पुढचं सगळं गल्लीने पाहिलं. त्याला दुःख माराचं नव्हतं. अर्धा जीव शिल्लक होता, आणि तो मागच्या पोराने खेळून टाकला.

त्या अर्ध्या जीवाची वसुली गेली तीस वर्षं चालू आहे. वडील आता ऐंशीला टेकले, गावी असतात, आणि मुलाच्या व्हॉट्सॲपवरून त्यांना ठरावीक मजकूर येत असतो. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं, तीर्थ मेहता याने हार्थस्टोन या खेळात कांस्य मिळवलं, ते पाठवलं. २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडमध्ये ईस्पोर्ट्सला रीतसर पदकं मिळाली, ते पाठवलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुबई सरकारने ‘दुबई प्रोग्रॅम फॉर गेमिंग २०३३’ जाहीर केला : दहा वर्षांत या क्षेत्रात तीस हजार नवे रोजगार, अर्थव्यवस्थेत एक अब्ज डॉलरची भर. ही बातमी याने तीनदा पाठवली, एकदा मराठीत भाषांतर करून. वडिलांचं उत्तर दुपारी आलं : “त्या तीस हजारांत तुझी एक आहे का?” पाठोपाठ हात जोडल्याचं चिन्ह.

ऑफिसातही याला सुख नाही. शेजारच्या टेबलावरचा लाहोरचा सहकारी फक्त एक नाव घेतो : अर्सलान ॲश. २०१९ मध्ये लाहोरच्या या पोराने टेक्केन या मारामारीच्या खेळात आधी इव्हो जपान ही स्पर्धा जिंकली आणि मग त्याच वर्षी अमेरिकेतली इव्हो. कोरियाचे, जपानचे दादा बघत राहिले. यावर आमच्या गृहस्थाचं म्हणणं असं, की आमच्या गल्लीत असे दहा होते, फक्त पासपोर्ट नव्हते. हे तो मनापासून मानतो. मला विचाराल तर दहा नसतील, पण एखादा खरंच असेल, आणि तो आज त्याच गावात मोबाइल रिचार्जचं दुकान चालवत असेल.

तर दरवाजे उघडतात. आत गेल्यावर कुठला खेळ बघायचा, हे याचं ठरलेलं नसतं. रांगा ठरलेल्या असतात. रांग दिसली की ती कशाची आहे, हे विचारायच्या आधी तिचं टोक कुठे आहे, हे विचारतो. रेशन, रॉकेल, रिझर्व्हेशन यांत घडलेला माणूस. रांगेच्या पुढच्या टोकाला काहीतरी मिळतं, यावर याची श्रद्धा आहे. आणि मिळतंच : बिल्ला, स्टिकर, कागदी मुकुट, कुठल्यातरी एनर्जी ड्रिंकचा डबा, आतमध्ये काहीच नसलेली छान पिशवी. सॅक भरू लागते. एकदा असाच तासभर उभा राहून टोकाला पोचला, तर समोर एक परदेशी बाई सही द्यायला बसलेल्या. त्या कोण, याला पत्ता नाही. कुठल्याशा खेळातल्या राक्षसिणीला त्यांचा आवाज आहे म्हणे. याने सही घेतली, फोटो काढला, “माय सन इज युअर बिग फॅन” असं सांगितलं. सन त्या वेळी भिंतीला टेकून, जमिनीवर बसून फोनवर खेळत होता.

मुलाने सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत साथ दिली, हे खरं. तेव्हा पोशाखाचं खातं बापाकडे होतं. दुबईतल्या सटवा भागातल्या शिंप्याकडून मारिओची लाल-निळी डांगरी शिवून घेतली. शिंप्याने शाळेच्या युनिफॉर्मच्या सवयीने तिला खिशावर पट्टी लावली आणि ‘पोराची वाढ आहे’ म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवली. पुढच्या वर्षी ड्रॅगन मार्टातून फोम आणून तलवार केली, दाराशी तपासणीवाल्याने ती उलटीसुलटी करून वाकवून पाहिली, तेव्हा बापाला कोण अभिमान : खरी वाटली त्याला! मंडळाच्या गणेशोत्सवात तीच तलवार पुढे मावळ्याला चालली. आता मुलगा पोशाख घालत नाही. बाप सुचवत राहतो.

नव्या खेळांशी मात्र याचं जमत नाही, आणि हे तो कबूल करत नाही. हल्लीच्या कंट्रोलरला दोन काड्या; एकीने चालायचं, दुसरीने बघायचं. याला एका वेळी एकच जमतं. गोळीबाराच्या एका डेमोत हा पूर्ण सामनाभर आकाशाकडे बघत भिंतीवर चालत होता. समोरच्या खुर्चीवर अबाया घातलेली कॉलेजातली मुलगी. तिने याला पुन्हापुन्हा टिपलं आणि दर वेळी “सॉरी, अंकल” म्हटलं. बाहेर आल्यावर याचं निदान तयार : “कंट्रोलरला लॅग होता.”

आणि मग दुपारी, जेवणाच्या सुमारास, हॉलच्या एका कोपऱ्यात मांडलेल्या जुन्या यंत्रांपाशी हा पोचतो. इथे रांग नाही. पंधरा-सोळाची पोरं येतात, दोन बटणं दाबतात, “ग्राफिक्स” असं काहीतरी पुटपुटतात आणि निघून जातात. उरतात चाळिशीपुढचे. एक कोझिकोडचा, एक कराचीचा, एक कैरोचा. कुणी कुणाला ओळखत नाही, पण पडद्यावर खेळ दिसताच चौघांच्या तोंडून एकच शब्द निघतो : मुस्तफा! आपल्या गल्लीपुरतं समजलेलं हे नाव अरबी समुद्राच्या काठांवर आणि त्यापलीकडेही चालत होतं, हे कळून चौघंही जरा हिरमुसतात, मग आनंदतात. यंत्रावर एका वेळी तिघांनाच खेळता येतं आणि मुस्तफा एकच. तो कुणी घ्यायचा, यावर हिंदी, उर्दू, इंग्रजी आणि हातवारे यांत बोलणी होतात. शेवटी कैरोचा गृहस्थ निर्णायक मुद्दा काढतो : कागदोपत्री त्याचं नाव मुस्तफा कैरो आहे. आडनावच गावाचं. यापुढे कोण काय बोलणार? आमचा गृहस्थ दुसरा नायक घेतो, ज्याचं नाव त्याला आजही माहीत नाही, आणि सवयीने खिशात रुपया चाचपतो.

रुपया लागत नाही. यंत्र फुकट ठेवलंय. मेलात की बटण दाबा, पुन्हा जिवंत. कैरो मरतो, बटण दाबतो. कराची मरतो, बटण दाबतो. दोघंही अगदी मजेत, लाथा घालत, पैशाची पर्वा नसलेल्या माणसांसारखे. आमचा गृहस्थ मात्र भिंतीला पाठ लावून, कोपरा धरून, एकेक माणूस टिपत, जमिनीवर पडलेलं खाणं रक्त कमी होईपर्यंत तसंच राखून ठेवत खेळतो. तिथे भरपूर काही फुकट असताना हा एकच माणूस काटकसर करतो. कोझिकोडचा मागे उभा राहून बघतो आणि त्याच्या लक्षात येतं. “सिंगल कॉइन?” तो हळूच विचारतो. आमचा गृहस्थ मान हलवतो, नजर पडद्यावरच. तिसऱ्या टप्प्याला मागे सात-आठ जण जमतात. पाचव्याला मुलगाही येतो, हेडफोन एका कानावरून काढून. “बाबा, हे तुम्ही खेळायचात?” बाबा बोलत नाहीत. सहाव्या टप्प्यावर ते मरतात. पडद्यावर आकडे उलटे मोजू लागतात, बटण दाबा म्हणून. कराचीवाला स्वतः त्यांच्या वतीने दाबायला जातो, तर हे त्याचा हात धरतात. “नको. तुमचा नंबर.”

परतीच्या मेट्रोत याची तब्येत खुशीत असते. सॅक फुगलेली, गळ्यात चार फिती, काखेत गुंडाळलेलं पोस्टर. फलाटावर गर्दी, मुलगा सरळ समोरच्या डब्यात शिरतो, हा सॅक सावरत, तोंडाने मुस्तफाची लाथ मारल्याचा आवाज काढत, पुढच्या दारातून आत. जागा आहे, बसतो. समोरच्या सगळ्या बायका याच्याकडे बघतात. याला वाटतं, पोस्टर बघतायत. पुढच्या स्टेशनावर तपासनीस येतो आणि फरशीवरची गुलाबी पट्टी दाखवतो. हा डबा बायका-मुलांसाठी राखीव. दंड शंभर दिरहम.

गृहस्थ उभा राहतो, आणि त्याच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीचं, आज पहिल्यांदाच खरोखर उपयोगी पडण्यासारखं वाक्य निघतं : “मुलासाठी आलोय.” इंग्रजीतून, अजिजीने.

“कुठे आहे मुलगा?”

मुलगा गुलाबी पट्टीपलीकडे, सगळ्यांच्या डब्यात, दांडीला धरून शहाण्यासारखा उभा असतो. बापाने हात केलेला त्याला दिसतो. तो हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर घेतो आणि खिडकीबाहेर बघू लागतो.

शंभराची जुनी नोट निघते. तिच्या पाठीवर वर्ल्ड ट्रेड सेंटरचाच मनोरा छापलेला असतो. पावती हातात पडते, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच गृहस्थाचे ओठ हलू लागतात : तेवीस एके तेवीस...