हलगी आहे, आवाज नाही

शिरूर-दौंडच्या हळदीत हलगी आता कीबोर्डातून कडाडते. शेकायला आगटी नको, हाताला फोड नाहीत. पण १९९९ सालचा कोर्ग ट्रायटन कीबोर्ड हिशेबाला पक्का. पीसीजी फाइलीत तो नुसती आवाजांची मांडणी ठेवतो. खरे सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज, केएसएफ फाइलींत, कुठल्या कळीला कोणता ते केएमपीत आणि या सगळ्यांची हजेरी केएससीत. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं, आणि वीज तर आपल्याकडे मांडवात जायचीच! घाईत एकटी पीसीजी सेव्ह करणाऱ्याचं इंजिन मनमाडला पोचतं, डबे दौंडातच. पडद्यावर ‘हलगी’ ठळक दिसते, कळ दाबावी तर शुकशुकाट. तेवढ्यात नवरदेवाचे मामा ओरडतात, ‘‘मास्तर, आवाज वाढवा की!’’ मास्तर वाढवतातही.