दहा रुपयांहून मोठा रुपया

भूमिगत धनाचा शोध हा आमच्या लोकांचा फार जुना व्यवसाय असून पूर्वी त्या कामी पायाळू मनुष्य लागत असे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, अशाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले हंडे, त्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग आणि दृष्टी विशेष तेज असल्यास हंड्याच्या कड्यासुद्धा दिसतात, अशी सार्वत्रिक समजूत होती. परंतु बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आडव्या-उलट्या पोरांना डॉक्टर पोट चिरून बाहेर काढू लागले, आणि पायाळूंची पैदास जी खुंटली ती खुंटलीच. सबब भोकरदन तालुक्यातील आमच्या केदारखेड्यात त्या रिक्त जागेवर सांप्रत मेटल डिटेक्टरची नेमणूक झालेली आहे.

गावात त्यास नुसते 'मशीन' म्हणतात. एक दांडा, त्याच्या तळाशी ताटाएवढी चकती, चकतीत तारेचे वेटोळे; त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीतल्या धातूत सूक्ष्म प्रवाह चाळवते, आणि त्या प्रवाहांचे प्रत्युत्तर आले की मशीन ओरडते, एवढेच त्याचे शास्त्र. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत त्याला बरी उमगते, त्याखाली ते ठार बहिरे. त्यातून आमची काळी जमीन पडली बेसाल्ट खडकाची लेक आणि अंगी लोहकण बाळगणारी, त्यामुळे काही नसलेल्या जागीही ते मधूनच हुंकार देते, आणि तेवढ्या हुंकारावर चार धडधाकट माणसे गुडघाभर खड्डा खणतात. पहिल्या दिवशीच्या उत्खननात बैलाच्या दोन पत्र्या, वखराच्या पासेचा तुकडा आणि बाटल्यांची पुष्कळशी बुचे हस्तगत झाली. बुचांवरून गावाच्या नजीकच्या इतिहासावर बराच प्रकाश पडतो, परंतु त्यांना सराफ्यात भाव नाही.

तरीही आशा सुटत नाही, याला इतिहास जबाबदार आहे. जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणत आले, आणि तो पाळणा खुद्द शिवाजी महाराजांनी १६७९ साली येऊन हलवला होता. तेव्हा महाराजांनी एवढे नेले तर भ्यालेल्या सावकारांनी किती पुरले असेल, असा त्रैराशिकाचा हिशेब आमच्या पारावर दर सायंकाळी मांडला जातो. १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांपुढे हटल्या, त्या घाईत एखादा खजिन्याचा उंट आमच्याच बांधावर बसला असला पाहिजे, असे दुसऱ्या पक्षाचे मत. शेजारचे भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन. तेथे १९७३ साली देव आणि गुप्ते या विद्वानांनी रीतसर उत्खनन केले आणि त्यात पाँपेईच्या सुप्रसिद्ध मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती प्रतिमा निघाली. पण हस्तिदंत पाहून मशीन ओरडत नाही, म्हणून त्या शोधाविषयी गावात फारसा आदर नाही. आदर आहे तो बुऱ्हाणपूरकरांविषयी. २०२५ च्या मार्चात, चित्रपटात बुऱ्हाणपूरची लूट पाहून आलेली मंडळी असीरगडाखालच्या शेतांत बॅटऱ्या, चाळण्या आणि मशीने घेऊन रात्री उतरली व पोलीस येईपर्यंत माती चाळत राहिली. नदीपात्रातील वाळू उचलणाऱ्यांनाही रात्रच सोयीची पडते, परंतु त्यांना मशीन लागत नाही, आणि ते रिकाम्या हाताने परतल्याचे कोणी ऐकलेले नाही.

असो. चौथ्या दिवशी एका पडक्या विहिरीच्या थारोळ्याजवळ मशीन निराळ्याच सुरात ओरडले आणि कुदळीच्या टोकाला एक रुपया लागला. थुंकी लावून धोतराच्या सोग्याने पुसताच चारमिनार दिसू लागला: निजामाचा हाली सिक्का, वजन अदमासे अकरा ग्रॅम, त्यात चार पंचमांश चांदी. आता पुढे काय, हे विचारावयास मंडळी मजकडे आली आणि येथूनच तिच्या दुर्दैवास प्रारंभ झाला.

१८७८ चा निखात निधी अधिनियम अद्याप अंमलात आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी, माल सरकारी खजिन्यात ठेवावा किंवा जामीन द्यावा, न दिल्यास वर्षापर्यंत कैद, असा त्याचा दंडक. कायदा झाला तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची नाणी होती, आणि एक रुपया सापडलेला मनुष्य तो मुंडाशात खोवून निर्धास्त घरी जाऊ शकत होता. परंतु वरचा रुपया मध्यंतरी इतका खाली गेला की खाली राहिलेला रुपयाच तेवढा वर राहिला. आज त्याचे शेकड्यांनी रुपये येतात, आणि म्हणून एक रुपया दहा रुपयांहून अधिक ठरून कायद्याने निधी झाला. कलेक्टर इस्तिहार लावणार, चार ते सहा महिन्यांच्या मुदतीने हक्कदारांस पाचारण करणार. कोणी धनी न निघाल्यास आणि आपसात ठराव नसल्यास बारा आणे शोधणाऱ्याचे, चार आणे जमीनमालकाचे. सातबाऱ्यावर नावे बारा. चार आण्यांच्या पया अठ्ठेचाळीस, म्हणजे प्रत्येकी चार पया बिनबाकी, असा निर्दोष भागाकार महसूल खात्याच्या वाट्याला क्वचितच येतो. शोधणारा मात्र निश्चित होईना, कारण मशीन एकाचे, दांडा दुसऱ्याच्या हाती आणि कुदळ तिसऱ्याची. शिवाय सरकारच्या मनात आल्यास धातूची किंमत व वर तिचा पंचमांश देऊन ते नाणे स्वतःच ठेवून घेऊ शकते.

इतक्यात शेतमालकाची आजी काठी टेकीत आली आणि रुपया डोळ्यांजवळ धरून नातवाला म्हणाली, "अरे, हा तं तुह्या आज्यानं ठिवला व्हता. मोट पहिल्यांदा धरली तव्हा थारोळ्याखाली. माह्याच हातचा हाय." शंभर वर्षांच्या आत पुरलेल्या धनावर वारसाचा हक्क पोहोचू शकतो, मात्र तो दिवाणी कोर्टात दावा लावून शाबीत करावा लागतो, हे मी सांगितले. म्हातारीने दावा म्हणजे किती दिवस, असे विचारले. मी तिच्या वयाकडे पाहून मौन धरले.

त्या रात्री काय घडले ते मी पाहिलेले नाही, आणि कायद्याचा मान राखून पाहणारही नव्हतो. एवढे कानावर आहे की रुपया जसाच्या तसा पुन्हा मातीआड गेला आणि खुणेला एक पऱ्हाटी रोवण्यात आली. तिसऱ्या दिवशी बारांपैकी एका हिस्सेदाराने शेतात रोटाव्हेटर घातला. तेव्हापासून बाराही जण निरनिराळ्या जागी बोट दाखवतात, आणि मशीनचे सेल उतरले आहेत.