कार्यवाहांनी काढलेला विमा

न्यू जर्सीत सार्वजनिक गणपती करायचा तर मूर्ती, गुरुजी आणि मोदक यांच्याही आधी लागतं ते सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स. शाळेचं सभागृह भाड्याने मागायला गेलात की बोर्ड ऑफ एज्युकेशनचा सरळ प्रश्न असतो : तुमच्या कार्यक्रमात कोणी घसरून पडलं आणि कोर्टात गेलं, तर पैसे कोण देणार? एका घटनेला १० लाख डॉलर, पॉलिसीच्या मुदतीत एकूण २० लाख, आणि त्या विम्यात बोर्डाचंही नाव ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून. हे सगळं ज्या एकपानी नमुन्यावर येतं, त्याला एकॉर्ड २५ म्हणतात.

मी आमच्या मंडळाचा कार्यवाह. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरतो, त्यामुळे कागदपत्रांच्या बाबतीत स्वतःवर जरा जास्तच विश्वास. रीतसर मार्ग म्हणजे एजंट काकूंना फोन. पण काकू आधी तब्येतीवर येतात, मग मुलांच्या कॉलेजवर, आणि तिथून अलगद “तुझा लाइफ इन्शुरन्स कितीचा आहे रे?” यावर. ते टाळायचं होतं. आणि गेल्या वर्षीची पीडीएफ माझ्याकडे होतीच.

जेवणं उरकल्यावर बसलो आणि तारखा बदलल्या. एकदा हात बसल्यावर थांबवेना. खालच्या मोठ्या चौकोनात कार्यक्रमाचं वर्णन असतं. तिथे ढोल-ताशा, लेझीम, कापराची आरती, महाप्रसाद आणि मुलांसाठी बाउन्सी हाउस असं सगळं भरलं. लिहिलं की विम्यात आलं, असा साधा हिशोब. ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’च्या रकान्यात ‘वाय’ टाकला. शेजारचा सबरोगेशनचा रकाना मोकळा बरा दिसेना, म्हणून तिथेही एक ‘वाय’.

“हे काकूंनी द्यायचं असतं ना?” बायकोने विचारलं.

“अगं, नुसती फॉर्मॅलिटी असते.”

फॉर्मच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘प्रोड्यूसर’ नावाचा चौकोन असतो. त्यात एजंटचं नाव, पत्ता आणि फोन नंबर. पानभर कारागिरी केली, पण तो चौकोन तेवढा जसाच्या तसा सोडला. शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी नेमका तोच नंबर फिरवला.

काकूंचा फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही.

“अरे, तू विमा कंपनी कधी काढलीस?”

मी काहीतरी पुटपुटलो.

“फॉर्मच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय, वाचलंस? हा कागद फक्त माहितीसाठी. ज्याला देतो त्याला त्याने कसला हक्क मिळत नाही, आणि पॉलिसी तसूभरही बदलत नाही. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ छापलं म्हणून भात वाढत नाही बाबा, स्वयंपाकघरात सांगावं लागतं.”

हे स्वयंपाकघर म्हणजे कंपनीचा अंडररायटर. बोर्डाचं नाव घालायचं तर काकूंनी त्याच्याकडे मागणी करायची, त्याने पॉलिसीला एंडॉर्समेंट जोडायची, आणि मगच काकूंनी त्या रकान्यात ‘वाय’ टाकायचा. त्यांनासुद्धा आपल्या मनाने टाकता येत नाही. चुकून टाकला आणि क्लेम अडकला तर निस्तरायला एजंट लोक स्वतःचा वेगळा विमा बाळगतात. “तो माझ्या चुकांचा आहे,” काकूंनी बजावलं, “तुझ्या नव्हे.”

सबरोगेशनचं ऐकून तर घाम फुटला. नुकसानभरपाई दिल्यावर, दोष दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याच्याकडून ती वसूल करायचा विमा कंपनीला हक्क असतो. तिथे ‘वाय’ म्हणजे तो हक्क सोडला. एका अख्ख्या कंपनीचा हक्क, मंडळाच्या कार्यवाहाने, पायजम्यावर बसून!

“आणि ते बाउन्सी हाउस आपल्या पॉलिसीत वगळलेलंच आहे. तू कौतुकाने लिहून ठेवलंस, म्हणून बाईंना शंका आली.”

“काकू, हे... फार गंभीर आहे का?”

“याला कायद्यात काय म्हणतात, सांगू?”

“नको.”

शाळेच्या बाईंना माफीची मेल गेली, ती बायकोने दोनदा तपासल्यावर. काकूंनी रीतसर एंडॉर्समेंट करून घेतली, खरं सर्टिफिकेट आलं आणि सभागृह मिळालं. बाउन्सी हाउस तेवढं रद्द झालं, आणि ते कोणामुळे, हे अध्यक्षांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सविस्तर कळवलं.

पुढच्या बैठकीत माझ्याकडची कागदपत्रं काढून घेतली आणि मला चपलांच्या व्यवस्थेवर नेमलं. काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांना एवढंच विचारलं, “चपलांना टोकन वगैरे नाही ना द्यायचं? नाहीतर हा घरी छापून आणेल.”