एमेकाका

बिबवेवाडीत अप्पर डेपोच्या अलीकडे आमची सोसायटी. तिथे कुणालाही 'एमेकाका' म्हणून विचारा, तिसरा मजला दाखवतील. बँकेतून व्हीआरएस घेतल्यावर काकांनी इग्नूत इंग्रजी साहित्याच्या एमएला नाव घातलं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, रमतगमत करणाऱ्यांना चारपर्यंत मुभा. चारही सरली, मग पुनर्प्रवेश झाला. सध्या कितवं वर्ष चालू आहे, हे विचारायचं नसतं.

काकांना आळशी समजू नका. इंग्रजी साहित्यात जे जे अर्धवट राहिलंय, ते सगळं त्यांना सनावळीसकट तोंडपाठ आहे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये ठरल्याप्रमाणे सव्वाशेच्या घरात कथा व्हायच्या होत्या. 1400 साली तो गेला तेव्हा झाल्या होत्या 24. स्पेन्सरने 'फेअरी क्वीन'चे बारा खंड योजले, पुरे झाले सहा. डिकन्स 1870 साली शेवटची कादंबरी निम्म्यावर टाकून गेला. त्यातल्या एडविनचं पुढे काय झालं, ते अजून कुणाला ठाऊक नाही. "यांचं सगळं चालतं," काका म्हणतात, "आणि माझे चार पेपर राहिले की लगेच चौकशा!"

मिल्टनचा विषय मात्र ते टाळतात. दृष्टी गेल्यावरही त्या माणसाने 'पॅराडाइज लॉस्ट' तोंडी सांगून सांगून पुरं करून घेतलं, हे काकांना गैरसोयीचं आहे.

सगळ्यात लाडका कोलरिज. 1797 साली त्याला अफूच्या गुंगीत म्हणे दोन-तीनशे ओळींची कविता सुचली. जागा होऊन लिहायला बसतो, तोच पोरलॉक गावचा कुणी माणूस काम घेऊन दारात हजर. तासाभराने तो गेला, तेव्हा कविताही गेली होती. 'कुब्ला खान' उरली 54 ओळींची. ही हकिकत वाचल्यापासून काकांच्या घरी जो येतो तो पोरलॉकहूनच येतो. परवा मी समोर बसलो होतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेला जुना जाडजूड कवितासंग्रह मांडीवर. पहिली चाळीसेक पानं पिवळ्या हायलायटरने अशी माखलेली, की न रंगलेली ओळ शोधावी लागे. पुढची पानं एकमेकांना चिकटलेली. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि बेल वाजली.

"आला पोरलॉकचा!" काकांनी टोपण लावलं.

"अहो, गॅसवाला आहे, ओटीपी सांगा," काकू आतून म्हणाल्या.

ओटीपी सांगण्यात काकांची दुपार गेली.

अ‍ॅरिस्टॉटल त्यांनी विंदा करंदीकरांच्या मराठी पुस्तकातून वाचलाय, आणि तो खरंच मन लावून वाचलाय. पण त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की त्याचं सुखात्मिकेवरचं लेखन हरवलं. स्वतःची असाइनमेंट मार्केट यार्डच्या रिक्षात राहिली तेव्हा त्यांनी हाच दाखला दिला. काकू म्हणाल्या, "त्याने आधी लिहिलं तरी होतं."

सोसायटीला त्यांच्या साहित्याशी घेणंदेणं नाही. "काका, तुम्ही इंग्लिशवाले, लिफ्ट बंद असल्याची नोटीस तेवढी लिहून द्या," असं चेअरमन गेल्या महिन्यात सांगून गेले. पहिलं वाक्य कर्तरी असावं की कर्मणी, यावर काका चार दिवस बसले. तोवर लिफ्ट दुरुस्त झाली. पण त्या चार दिवसांत आम्ही जिने चढताना काका दारात उभे राहून प्रत्येकाला पाणी देत होते आणि एखाद्या कवीच्या दोन गोष्टी ऐकवत होते. माझा मुलगा, जो शाळेच्या पुस्तकाला हात लावत नाही, तो कोलरिजची गोष्ट ऐकायला आता लिफ्ट चालू असतानाही तिसऱ्यावर उतरतो. शिकवायला हा माणूस पास व्हायलाच हवा असं मला वाटत नाही.

डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म यंदाही भरलाय. इग्नूच्या या अभ्यासक्रमाला वयाची कमाल अट नाही. काकूंनी माहितीपुस्तिका स्वतः वाचून खात्री करून घेतली आहे.