दावी पाच, खुंटा एक

गेल्या रविवारी नेवाशातल्या एका मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी खुर्च्या भरल्या होत्या. व्यासपीठावर कोटातला एक तरुण घाम पुसत सांगत होता, "एका पगारावर, एका पिकावर जगायचे दिवस गेले! प्रत्येकाकडे उत्पन्नाचे किमान पाच स्रोत हवेत!" प्रवेश शुल्क 999 रुपये. चहा एकदाच, बिस्किटं मागच्या रांगेपर्यंत पोचली नाहीत. वक्त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा स्रोत कोणता, हे खुर्च्या मोजल्या की कळत होतं.

मी मामांना सोबत म्हणून गेलो होतो. पाचाचा आकडा ऐकताच मामांनी बोटं मोजायला घेतली. "ऊस, कांदा, दूध, ट्रॅक्टर..." करंगळीपाशी आवाज एकदम खाली आला. "आणि ते शेवगावचं." मग छाती पुढं काढून म्हणाले, "हे पोरगं आपल्याला काय शिकवणार? आपले पाच कधीच झालेत!"

वक्त्यानं दाखले दिले ते सगळे अमेरिकेतल्या अब्जाधीशांचे. एवढं लांब जायची गरज नव्हती. 1707 मध्ये औरंगजेब वारला तो आमच्याच जिल्ह्यात, भिंगारला. जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानचा महसूल ज्याच्या खजिन्यात जायचा, तो बादशहा फावल्या वेळात टोप्या शिवायचा आणि त्या कमाईतले चार रुपये दोन आणे कफनासाठी मागं ठेवून गेला, असं सांगतात. मुख्य धंदा कितीही जोरात असो, जोडधंदा सोडू नये, हा धडा इतक्या मनापासून दुसऱ्या कुणी गिरवला नसेल. फरक इतकाच, की तो टोप्या शिवायचा. हल्ली जिल्ह्यात टोप्या घालणाऱ्यांची चलती आहे. त्यांच्याकडे येतोच.

आधी मामांची बोटं तपासू. पहिलं बोट ऊस. तो मुळा धरणाच्या कालव्यावर. धरण 26 टीएमसीचं, पण ते भरणं वरच्या पावसाच्या हाती. दुसरं बोट कांदा. तोही त्याच कालव्याच्या आवर्तनावर. तिसरं बोट गायी. त्या खातात उसाचं वाढं. म्हणजे ऊस नाही तर वाढं नाही, वाढं नाही तर दुधाची धार नाही. चौथं बोट ट्रॅक्टर. तो कारखान्याला ऊस वाहतो, आणि हप्ता मात्र ऊस असो-नसो येतो. वक्त्याच्या भाषेत हे चार स्रोत. गोठ्याच्या भाषेत चार दावी. पण चारही एकाच खुंट्याला बांधलेली!

खुंटा हलला की काय होतं, ते 2023 नं दाखवलं. पावसानं हात आखडता घेतला. नोव्हेंबरात समन्यायी वाटपाच्या कायद्यानं मुळेचं पाणी जायकवाडीला गेलं. तिकडच्यांनाही तहान आहेच, तक्रार कुणाकडे करणार? मग आहे त्या कांद्याकडे डोळे लागले, तर 8 डिसेंबरला केंद्रानं कांद्याची निर्यातच बंद केली. ती उघडली पुढच्या मे महिन्यात, निवडणुकीचा मांडव उभा असताना. दुधाचा दर तर आधीच बसला होता. सरकारनं लिटरमागं 5 रुपये अनुदान जाहीर केलं, पण अट अशी, की गायीच्या कानात बिल्ला हवा आणि बिल्ल्याचा नंबर ऑनलाइन चढवलेला हवा. मामांच्या गायी शिकल्या-सवरलेल्या निघाल्या, त्यांचे नंबर एका दिवसात चढले. मामांचंच आधार बँक खात्याला जोडलेलं नव्हतं.

उरली करंगळी. शेवगाव तालुक्यात मधल्या काळात शेअर बाजाराच्या नावानं पैसे घेणाऱ्यांची काचेची कार्यालयं निघाली. व्याज महिन्याला शेकडा दहा! बँक वर्षाला सात देते तेव्हा आपण पासबुक उलटंपालटं करून बघतो, पण महिन्याला दहा म्हटल्यावर कुणी 'कसे काय?' विचारलं नाही. कोटवाले याला 'झोपेत पैसा कमावणे' म्हणतात. झोप लागली हे खरं. 2024 मध्ये कार्यालयांना एकेक करून कुलपं लागली, तेव्हा जाग आली आणि पोलीस ठाण्यात रांगा लागल्या.

आमच्या तालुक्यात शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची रीत आहे. 2011 मध्ये युको बँकेनं तिथं शाखा काढली, तीही बिनकुलपाची. पण आता चोरालाच घरी यायची गरज उरलेली नाही. आपणच पिशवी घेऊन त्याच्याकडे जातो, त्याच्या घरचा चहा पितो आणि टोपी घालून घेऊन परत येतो. बरं, मामांच्या पिशवीतले पैसे कुठले? उसाच्या बिलाचे. म्हणजे पाचव्या दाव्याची दोरीही त्याच खुंट्याची.

परतताना मी म्हटलं, "मामा, हिवरे बाजारला काय करतात माहीतय का? तिथल्या पोपटराव पवारांनी गावाला आधी खुंटा बघायला शिकवलं. यंदा पाणी किती, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पीक ठरवतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही."

मामा खेकसले, "उसाबिगर कसला बागायतदार रे?"

दारात आलो तेव्हा मामी शेळ्यांना बाभळीचा पाला टाकत होत्या. चार संगमनेरी शेळ्या. दूधही देतात आणि अडीनडीला घोडेगावच्या बाजारात रोख पैसाही. त्यांना आवर्तन लागत नाही, कारखाना लागत नाही, आणि त्यांची निर्यात बंद करावी असं दिल्लीला अजून सुचलेलं नाही. शिवाय डझनभर गावरान कोंबड्या, उन्हाळ्यात कुरडया-पापड, बचत गटाचा हप्ता. खुंटा हलला त्या वर्षी पोराची फी भरली ती एका बोकडानं आणि किराणा चालला तो अंड्यांवर. पण शिबिराच्या अर्जात 'पत्नीचा व्यवसाय' या रकान्यात मामांनी सकाळीच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : काही नाही.

"काय शिकवलं मग?" मामींनी विचारलं.

"पाच धंदे करा म्हणले. आपले आधीच पाच आहेत."

मामींनी हात पाल्यावर झटकले आणि तळवा पुढं केला.

"आता काय?" मामा म्हणाले.

"अंड्यांच्या डब्यातनं हजाराची मोड नेली होती सकाळी. शिबिर नऊशे नव्व्याण्णवचं. माझा एक रुपया आणा इकडं."