शेकडा किती?

मुनीमजींना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही असं म्हणणाऱ्यानं आधी त्यांची वही पाहावी. लाल कापडी बांधणीची, उभी, जिनिंगमधून निवृत्त होताना शाल-नारळाबरोबर घरी आलेली. डावीकडे रकाना ‘फेकले’, मधे ‘पडले’ आणि शेवटी लाल शाईत ‘शेकडा’. मानवतच्या कापसात हयात गेलेला माणूस. दिसेल त्या गोष्टीचा उतारा, म्हणजे शंभरात किती निघालं ते, काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठताना किती पानं वाढली आणि किती पानांत जिलबी तशीच राहिली, हे आचाऱ्याआधी यांना ठाऊक असतं.

असा माणूस परभणीत प्रत्येक मैदानाच्या कडेला एक तरी असतो. कबड्डीला तो रिकाम्या चढाया मोजतो, क्रिकेटला निर्धाव चेंडू. बास्केटबॉलच्या वाट्याला मुनीमजी आले, कारण त्यांच्या गच्चीवरून कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट दिसतं. आणि वही भरली ती एकाच पोरापायी. त्याचं नाव मुनीमजी घेत नाहीत. ‘नऊ नंबर’ म्हणतात.

नऊ नंबर गार्ड आहे. गार्डानं चेंडू पुढं आणावा, वाटावा, चौघांना खेळवावं आणि मग जमलं तर स्वतः फेकावा, अशी रीत. हा आणतो आणि फेकतो. दोघं अंगावर असताना फेकतो, तोल जाताना फेकतो, पावणेसात मीटरच्या रेषेमागून तर हमखास फेकतो. बोर्डाखाली एक उंच पोरगं हात वर करून उभं असतं. ते पाहून एका नवख्या प्रेक्षकानं, त्याला शिक्षा केलीय का, असं विचारलं होतं.

“काय फेकायलाय हे पोरगं!” मुनीमजी कट्ट्यावर वही आपटतात. “तीस फेकले, दहा पडले. शेकडा तेहतीस. अहो, क्विंटलभर कापसात रुईसुद्धा चौतीस-पस्तीस किलो निघती!”

कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला सर बसतात. निवृत्त क्रीडाशिक्षक, गळ्यात अजून शिट्टी. त्यांचं शांत उत्तर येतं, “मग आयुष्यभर चौतीस किलोवर समाधान मानलंत ना तुम्ही? उरलेली सरकी काय उकिरड्यावर फेकली? तिचं तेल निघालं, पेंड निघाली. ह्याचा चुकलेला चेंडूसुद्धा आपलाच उंच पोरगा रिबाउंडला धरतो आणि टाकतो आत. ती सरकी कोणाच्या खात्यावर लावली तुम्ही?”

मुनीमजींनी पान उलटून पाहिलं. सरकीचा रकाना नव्हता.

त्या दिवशी सरांनी आणखी एक घाव घातला. दहांतले सहा तिनाचे होते, म्हणजे पोरानं तीस शॉटांत सव्वीस गुण आणले. तिनाची बास्केट दीड धरायची, तसं धरलं की शेकडा त्रेचाळीस होतो. जगभर असाच हिशेब करतात. मुनीमजींनी बोटांवर करून पाहिलं. बरोबर होतं. रात्रभर त्यांना झोप नसावी, कारण सकाळी दूध आणायला निघालेल्या सरांना त्यांनी रस्त्यातच गाठलं. “पडल्यावर दीड धरायचं ना? मग चुकल्यावर बी दीडानं घट धरा! माप दोन्हीकडून सारखं पायजे.”

सर दुधाची पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभे होते. या मागणीवर कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

मग वाद परदेशात गेला. सरांनी नातवाच्या मोबाइलवरून पीट मॅराविच काढला. अमेरिकेत लुईझियाना स्टेटचा गार्ड, १९६७ ते १९७०. तीन हंगाम, ८३ सामने, ३,६६७ गुण; सामन्याला सरासरी ४४.२, आणि तीही तिनाची रेषा कोर्टावर आखली जाण्याआधीची. पुरुषांच्या अव्वल श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्या कारकिर्दीची त्याहून मोठी सरासरी कोणाची नाही.

“फेकायचा किती?” मुनीमजींचा एकच प्रश्न.

“सामन्याला अडतीस.”

“आन् कोच काही म्हणत नव्हता?”

सरांनी खाकरून घेतलं. “कोच त्याचे वडील होते.”

“हां! घरचीच जिनिंग, घरचाच काटा!” मुनीमजींनी मांडीवर थाप मारली. पुढं, एवढे गुण करून त्या तीन वर्षांत संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या मुख्य स्पर्धेला एकदाही पोचला नाही, हेही सरांना कबूल करावं लागलं. त्या संध्याकाळी सगळ्या कट्ट्याला चहा मुनीमजींनी पाजला. हे इतकं क्वचित घडतं की त्याची तारीख वहीत असणार.

दुसऱ्या दिवशी सर थेट जर्मनी घेऊन आले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य ज्याच्या कानावरून गेलं नाही तो परभणीकरच नव्हे, त्यामुळे जर्मनीचं नाव निघताच कट्टा सावरून बसला. २०२३ चा विश्वचषक. उपांत्यपूर्व फेरीत समोर लॅटव्हिया. जर्मनीचा कर्णधार डेनिस श्रोडर, गार्डच. त्यानं २६ फेकले, ४ पडले.

“पंधरा!” मुनीमजी किंचाळलेच. “शेकडा पंधरा! काढला का न्हाई त्याला बाहेर?”

“नाही काढला. जर्मनी ८१–७९ नं जिंकली. मग उपांत्य सामन्यात अमेरिकेला हरवलं. दोन दिवसांनी फायनल, मनिलाला, सर्बियाविरुद्ध. तिथं ह्याच श्रोडरनं २८ गुण केले. जर्मनी ८३–७७, पहिल्यांदा जगज्जेती. आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोण? हाच, पंधरा टक्केवाला.”

मुनीमजी गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “सगळ्या सामन्यांचा एकत्र उतारा काढून आणा. सुट्या सुट्या दिवसाचा भाव आम्ही धरत नसतो.”

माझं मत विचाराल तर मी सरांच्या बाजूला. नऊ नंबरचे किती पडले यापेक्षा तेच चेंडू दुसऱ्याच्या हाती गेले असते तर त्यांचं काय झालं असतं, हा खरा प्रश्न. बाकीचे चौघं चेंडू हाती आला की घाईघाईनं नऊ नंबरला शोधतात. चोवीस सेकंद सरत आले की चेंडू कोणाच्या गळ्यात पडतो? शेवटच्या दोन सेकंदांत मारलेला वेडावाकडा शॉट वहीत चुकलेला म्हणून चढतो, आणि त्याच्या गळ्यात तो घालणाऱ्याचा शेकडा स्वच्छ राहतो. पण हे मी कट्ट्यावर बोलत नाही. वहीत ‘बघे’ असाही रकाना निघायचा.

बोलल्या त्या काकू, मुनीमजींच्या पत्नी. सर एकदा त्यांच्या घरी गेले असताना त्यांनी सहज विचारलं, “काकू, घरात ह्यांचा उतारा कसा आहे हो?” काकू पोहे परतत होत्या. “कूलर ह्यांनी आणला, वैशाखात गरम वारा फेकतो. प्लॉट ह्यांनी घेतला, त्याला रस्ता न्हाई. म्हशीचं तर बोलूच नका. पोरीची सोयरीक तेवढी नामी जमवली.”

“मग शेकडा पंचवीसच की!”

“असू द्या,” काकू म्हणाल्या. “दिरांना विचारलं तर म्हणायचे, दादा ठरवतील ते. सासरे म्हणायचे, त्यालाच विचारा. कोणीतरी ठरवायला पायजेच होतं.” मुनीमजी तेव्हा पेपर वाचत होते. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात नऊ नंबरचा पाय मुरगळला आणि तो बाकावर बसला. मुनीमजी खुशीत, पेन्सिलीला नवं टोक. पोरं सभ्यपणे एकमेकांना पास देत राहिली. तू मार, नको तू मार, असं करता करता पंचाची शिट्टी वाजायची आणि चेंडू समोरच्यांकडे जायचा. जेवढे शॉट मारले तेवढे अगदी बोर्डाखालून, तब्येतीत. संघ दणकून हरला.

“शेकडा पन्नास!” मुनीमजींनी वही सरांपुढं धरली. “हंगामातला सगळ्यात भारी उतारा.”

“अहो, हरलो की!”

“हरण्याचं खातं वेगळं.”

पण ते उठले नाहीत. कोर्ट रिकामं झालं, सर चप्पल घालून तयार. मुनीमजींनी पट्टी लावून पानावर चौथी उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘न फेकलेले’. मग पेन्सिल कानावर ठेवून सरांना विचारलं, “हे कसे मोजायचे?”

“दोन वर्षं मी तुम्हाला हेच तर सांगतोय!”

“तुम्ही नुसतं सांगितलं,” मुनीमजी म्हणाले. “रकाना मी काढला.”